पंच्याहत्तरीला जन्ममहिन्यातलं साप्ताहिक भेट द्यायचंय : इंदुरात जुने अंक कुठे मिळतील?

चिमणबाग
येत्या मार्चमध्ये बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतील. घड्याळ, शाल, चांदीचा पेला हे सगळं साठीलाच उरकलंय. "मला काही नको" हे उत्तरही तयार आहे. मोठ्या बहिणीनं सुचवलं की त्यांच्या जन्माच्या सुमारास निघालेलं एखादं बातम्यांचं साप्ताहिक द्यावं. म्हणजे मार्च १९५१. नक्कल नको, त्या वेळचा खराखुरा अंक हवा.

बाबांचं वाचन इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांसारखं तीन भाषांतलं. सकाळी नई दुनिया, दुपारी पुण्या-मुंबईहून आलेलं काहीतरी आणि प्रवासाला निघालं की स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून इंग्रजी. त्यामुळे भाषेची अट नाही. कुठे शोधू, काय शोधू, आणि मिळालाच तर एवढ्या जुन्या कागदाचं करायचं काय, सगळंच सांगा. खजुरी बाजारात विचारून झालंय. तिथे गाइडं आणि वह्या.

अटालेवाला_भिया
ताई, खजुरी बाजार शाळा-कॉलेजवाल्यांचा. जुने अंक दुकानांत नसतात, घरांत असतात. घर पाडायला निघालं की माळ्यावरची ट्रंक पहिली बाहेर पडते. रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज, जिथे जिथे जुना बंगला जाऊन मल्टी (बहुमजली इमारत) उभी राहतेय तिथल्या अटालेवाल्यांना, म्हणजे रद्दी-भंगारवाल्यांना, सांगून ठेवा. किलोच्या भावापेक्षा जास्त देईन म्हणायचं, पण एक अट घालायची : सुतळीनं बांधलेला गठ्ठा सोडायचा नाही. गठ्ठा एकदा सुटला की मुखपृष्ठं एकीकडे आणि आतली पानं पोह्यांच्या पुड्याला.

बाहेरगावी जाणं होत असेल तर दिल्ली. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये फुटपाथवरून उठवला, आता तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये भरतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवाले. त्यांना भाव पक्के ठाऊक असतात, तिथे घासाघीस फार चालत नाही.

अजून एक. अंकावर वाचनालयाचा शिक्का असेल तर तो रद्द केल्याचीही खूण आहे का बघा. नसेल तर अंक कुणाच्या तरी कपाटातून उचललेला असू शकतो. बाबांच्या हातात चोरीचा माल नको.

कव्हरड्राइव्ह
मार्च १९५१! अहो, काय महिना निवडलाय बाबांनी. ४ ते ११ मार्चला दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण घेतलं, फुटबॉलचं सुवर्णही आपलंच. आणि इंदूरकरांसाठी त्याहून मोठं म्हणजे १९५०-५१ चा रणजी करंडक होळकर संघानं गुजरातला हरवून जिंकला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांचा तो संघ. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा करंडक आपल्या गावात आला.

बातम्यांच्या साप्ताहिकाचा हट्ट थोडा सैल करा. मद्रासहून 'हिंदू' वाल्यांचं 'स्पोर्ट अँड पास्टाइम' निघायचं, १९४७ ते १९६८. त्याचा त्या मोसमातला अंक मिळाला तर बातम्यांच्या साप्ताहिकांच्या मागे लागूच नका. बाबांना क्रिकेट आवडतं ना?

चिमणबाग
आवडतं का? टीव्हीचा आवाज बंद आणि कानाला रेडिओ. आमच्याकडे मॅच अशीच बघतात.

धूळखाऊ
मोठा प्रतिसाद आहे, घाईत असाल तर पुढे जा.

आधी १९५१ मध्ये काय निघत होतं ते बघा, म्हणजे नसलेल्या गोष्टी मागत फिरायला नको. इंडिया टुडे डिसेंबर १९७५ चं. दिनमान १९६५ चं. मराठीत माणूस १९६१ चं, सोबत १९६६ चं. हे सगळे बाद. उरतं काय? इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया, जे १८८० मध्ये सुरू झालं आणि १९९३ मध्ये बंद पडलं. हिंदीत धर्मयुग, तेव्हा अगदी नवं. मराठीत साधना, साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं. गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे तुम्हाला हवा तो अंक त्यांच्यानंतरच्या पहिल्या वर्षातला. मासिक चालणार असेल तर किर्लोस्कर. परदेशी हवं तर टाइम आणि लाइफ.

आता तारखांचा घोळ. वीकलीवर रविवारची तारीख असे. मार्च १९५१ मधले रविवार ४, ११, १८ आणि २५. टाइम आणि लाइफवर तेव्हा सोमवारची. पण अंकावरची तारीख म्हणजे तो छापून आल्याची तारीख नव्हे. अंक स्टॉलवर त्याआधीच लागलेला असतो आणि आतल्या बातम्या त्याहून जुन्या. म्हणजे १४ मार्चला जन्मलेल्या माणसाला १४ मार्चच्या बातम्या हव्या असतील तर पुढचा, कदाचित त्याच्याही पुढचा अंक घ्यावा लागेल. मला विचाराल तर त्या भानगडीत पडू नका. जन्माच्या दिवशी जो अंक स्टॉलवर लटकत होता तो द्या. मुलगा झाल्याचं कळल्यावर आजोबा दवाखान्याकडे निघाले आणि वाटेत त्यांनी जो विकत घेतला असता, तो. त्यात आशियाई स्पर्धांचं अक्षरही नसेल, चालेल.

लाइफबद्दल सावध. अमेरिकेतलं लाइफ साप्ताहिक होतं, पण बाहेरच्या देशांसाठी लाइफ इंटरनॅशनल नावाची पाक्षिक आवृत्ती वेगळी निघायची. मजकूर बराचसा तोच, तारखा आणि मुखपृष्ठं मात्र वेगळी. अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून मागवलात तर तुमच्या आजोबांनी कधीच न पाहिलेला अंक येईल. त्यावर पोस्टेज अंकाच्या किमतीहून जास्त. मागवण्याआधी गूगल बुक्सवर बघून घ्या, तिथे १९३६ ते १९७२ चे लाइफचे अंक पानन् पान फुकट वाचता येतात. विक्रेता 'आत अमुक लेख आहे' म्हणतो ते खरं की नाही हे पाच मिनिटांत कळतं.

आणि प्रसिद्ध अंकांच्या नादी लागू नका. लोक चंद्रावरच्या माणसाचा अंक, केनेडी गेले तेव्हाचा अंक, आपल्याकडे नेहरू गेले तेव्हाचे अंक मागतात. ते लाखोंनी छापले गेले आणि घरोघरी जपून ठेवले गेले, म्हणून आजही ढिगानं मिळतात. दुर्मिळ असतो तो कुठल्याशा मंगळवारी आला, वाचला आणि रद्दीत गेला असा अंक. तुमच्या बाबांचा महिना नेमका तसला आहे, म्हणून वेळ लागेल. आत्तापासून लागा.

तिळगूळ_७७
+१. वाचनखूण साठवली.

एक शंका : पहिल्या अंकांना जास्त भाव असतो ना? भेट म्हणून लाइफचा पहिला अंक कसा?

धूळखाऊ
२३ नोव्हेंबर १९३६, मुखपृष्ठावर फोर्ट पेक धरण, छायाचित्र मार्गारेट बर्क-व्हाइट यांचं, किंमत १० सेंट. हे इतकं पाठ असण्याचं कारण म्हणजे त्याच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. जुना दिसणारा प्रत्येक पहिला अंक संशयानं बघायचा. खऱ्या अंकाची पिन गंजलेली असते आणि गंज शेजारच्या कागदात उतरलेला असतो. कडा आतल्या पानांपेक्षा जास्त पिवळ्या असतात. सगळं पान एकसारखं चहाच्या रंगाचं दिसलं तर कुणीतरी तो रंग मुद्दाम आणलाय.

गांधीजींचे टाइम मागणारेही बरेच भेटतात. ते मुखपृष्ठावर ३१ मार्च १९३०, ५ जानेवारी १९३१ आणि ३० जून १९४७ ला आले. यातलं १९३१ चं तर 'मॅन ऑफ द इयर' चं. असे अंक लिलावात जातात, अटाल्यात येत नाहीत.

फ्रेमवाली
एवढा व्याप कशाला? मुखपृष्ठ काढायचं, छान माउंट करून काचेत लावायचं. दिवाणखान्यात दिसेल तरी. कपाटात ठेवलेल्या भेटीचा उपयोग काय? मी सासऱ्यांच्या एकसष्टीला असंच केलं होतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बघतो.

कागदकीडा
फ्रेमवालीताई, राग मानू नका, पण पिन उचकटून मुखपृष्ठ काढलंत की अंक संपला. उरतं ते पोस्टर. आणि उजेडात लटकवलेलं मुखपृष्ठ काही वर्षांत फिकं पडतं, लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. दिसायलाच हवं असेल तर मुखपृष्ठाचं चांगलं स्कॅन करून त्याची प्रिंट फ्रेम करा. मूळ अंक अख्खा राहू दे.

कागदाबद्दल थोडं सांगतो. स्वस्त वृत्तपत्री कागद लाकडाचा सरळ लगदा करून बनतो. त्यात लिग्निन राहतं. ते हवा आणि उजेडानं पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद कुरकुरीत होतो. साधना किंवा धर्मयुगाचा जुना अंक दुमडला की घडीवर तुटतो तो त्यामुळे. लाइफसारख्यांचा गुळगुळीत कागद पिवळा कमी पडतो, पण त्यावर मातीचा लेप असतो. तो ओला झाला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडे उन्हाळा कोरडा, त्याची एवढी भीती नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र मे महिन्यात कागद भाजून निघतो आणि जुलैत कसर लागते. कसरीला खळ आणि डिंक आवडतो, ती पुठ्ठ्यापासून सुरुवात करते.

सेलोटेप कधीही लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच नको, उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक नंतर कागद न फाडता निघत नाही. बाजारातल्या पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमधूनही हळूहळू आम्ल सुटतं. पॉलिएस्टरचं पाकीट आणि आम्लविरहित कागदाचा खोका घ्या. आडवा ठेवा, उभा नको.

फ्रेमवाली
राग नाही आला. पण तुमच्या त्या खोक्यात ठेवलेला अंक बाबा हातात कधी घेणार? पंच्याहत्तरीच्या माणसाला भेट द्यायचीय की संग्रहालयाला?

अटालेवाला_भिया
हा मुद्दा बरोबर आहे बरं का. पाकीटबंद वस्तू बघून "वा वा" म्हणतात आणि जेवायला बसतात.

कागदकीडा
मान्य. हातात द्याच. हातमोजे वगैरे नाटकं नकोत, उलट कापडी मोज्यांनी पानाच्या कडा जास्त फाटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. टेबलावर ठेवून उलटायला सांगा आणि पोहे-जिलेबीची बशी लांब ठेवा. इंदुरात हे शेवटचंच सर्वांत अवघड.

रावपुरा
बडोद्याहून लिहितोय. आमच्याकडे भेटीसाठी एक वेगळीच गोष्ट फिरते, आणीबाणीतले अंक. २५ जून १९७५ ते मार्च १९७७ या काळातले. घरात कुणी मिसाखाली (खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली) आत गेलेलं असेल तर त्यांच्या वाढदिवसाला दुसरं काही न्यायची गरज नाही. आमच्या बडोद्यातून सर्वोदयवाल्यांचं 'भूमिपुत्र' निघायचं, गुजराती. सेन्सॉरनं त्याचा छापखाना बंद केला. ते गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल लागला. त्या काळातला भूमिपुत्रचा अंक माझ्या लेखी टाइमच्या रंगीत मुखपृष्ठापेक्षा मोलाचा.

हे अंक नुसते चाळून कळत नाहीत, त्यात काय नाही ते बघावं लागतं. दैनिकांतलं उदाहरण म्हणजे इंडियन एक्स्प्रेसनं २८ जून १९७५ ला अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. विक्रेत्याला असलं ठाऊक नसतं, म्हणून स्वस्तात मिळतं.

मौनीबाबा
विषयाला धरून, पण जरा कडू. माझ्या भाच्याचा जन्म डिसेंबर १९८४ च्या पहिल्या आठवड्यातला. आपण मध्य प्रदेशवाले, तेव्हा भोपाळबद्दल जास्त सांगायला नको. त्या आठवड्याचा कुठलाही अंक उघडला की तेच. त्याच्या आधीच्या महिन्यातले अंक इंदिराजींची हत्या आणि दिल्लीतलं शिरकाण. चाळिशीला ही कल्पना माझ्याही मनात आली होती, मग पुस्तक दिलं.

धूळखाऊ
मौनीबाबा, बरोबर केलंत. जन्माचा आठवडा हा काही नियम नाही. तसं असेल तर मुंजीचं वर्ष घ्या, दहावीचं घ्या. १९८४ चा जन्म म्हणजे २००३ चा विश्वचषक अठराव्या वर्षी. तो अंतिम सामना हरलो खरा, पण ते पोरांना पाठ असतं.

कव्हरड्राइव्ह
हरलेल्या सामन्याचा अंक कोण देतं हो भेट.

तिळगूळ_७७
अवांतर : ढब्बूजीसाठी धर्मयुग मागून उघडणारे कुणी आहे का इथे? आबिद सुरतींच्या त्या व्यंगचित्रांचे अंक मिळाले तर मी स्वतःलाच भेट देईन.

अटालेवाला_भिया
आहे की. धर्मवीर भारतींच्या काळातले, म्हणजे १९६० ते १९८७ चे धर्मयुग इंदुरात सगळ्यात सोपे. किलोनं येतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिमणबाग
धागा वर काढतेय. बाबांची पंच्याहत्तरी झाली.

स्पोर्ट अँड पास्टाइम मिळालंच नाही. साधनाचं त्या वर्षीचं एक फुटकं बाड मिळालं, पण मार्च नेमका कसरीनं खाल्लेला. शेवटी रामबागेतल्या एका उतरत्या घरातून इलस्ट्रेटेड वीकलीचा १८ मार्च १९५१ चा अंक आला. मागचं मुखपृष्ठ नाही, वर पेपरवाल्यानं शाईनं घर नंबर टाकलेला. बहिणीला तो नंबर पुसून घ्यायचा होता. मी राहू दिला, तो अंक इंदुरातच वाचला गेला होता याचा तेवढाच पुरावा.

बाबांनी पहिली गोष्ट काय केली असेल? किंमत बघितली. मग आम्ही किती दिले ते विचारलं. मग "एवढ्यात तर दोन वर्षांची वर्गणी झाली असती." बातम्या त्यांनी वाचल्याच नाहीत. जाहिराती वाचल्या, एकेक, मोठ्यानं. हा रेडिओ अमक्यांकडे होता, हा साबण आई फक्त पाहुण्यांसाठी काढायची, हे बिस्किट आम्हाला आजारी पडल्यावर मिळायचं. १९५१ मध्ये ते पाळण्यात होते हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. पुढे ते अडले शब्दकोड्यापाशी. आधीच्या मालकानं पेन्सिलीनं अर्धं सोडवून ठेवलेलं, त्यातला एक शब्द चुकलेला. बाबा तो आता खोडरबरानं पुसू की नको यावर दोन दिवस आमचं मत घेताहेत.

कागदकीडा
पुसू देऊ नका!! तो कागद रबरानं सोलला जाईल.

फ्रेमवाली
पुसू द्या हो. अंक त्यांचा आहे.

कंपूवाली
ग्वाल्हेरहून, धागा उशिरा बघितला. आई-बाबांचं लग्न मे १९७७ चं, पुढच्या वर्षी पन्नास होतील. दोघंही बँकेतले, घरात राजकारणावर भांडणं ठरलेली. काय शोधू? आणि आमच्या जुन्या घरातल्या एका गठ्ठ्याला वाळवी लागलीय, त्यात १९७७ च्या आसपासचं काही असू शकेल. तो कसा उघडू?

धूळखाऊ
मे १९७७ म्हणजे जनता सरकार येऊन जेमतेम दोन महिने झालेले. भांडायला विषयच विषय. इंडिया टुडे तेव्हा पाक्षिक होतं, म्हणून महिन्यात दोनच अंक शोधायचे. वीकलीचे खुशवंत सिंग संपादक, धर्मयुगाचे भारती. कलकत्त्याचं हिंदी रविवार त्याच वर्षी सुरू झालं. नवऱ्याला एक आणि बायकोला दुसरं, विरुद्ध मतांचं, असे दोन द्या.

कागदकीडा
गठ्ठा घरात आणू नका, अंगणात वर्तमानपत्रावर ठेवा. कडक उन्हात पसरू नका, कागद वाकडा होतो. वाळवी जिवंत असेल तर गठ्ठा आपटू नका, मऊ ब्रशनं बाजूनं झाडत या. मातीचे थर ओल्या फडक्यानं पुसायचे नाहीत, वाळू द्यायचे आणि मग सोडवायचे. मधले अंक बहुतेक शाबूत असतात, वाळवी बाहेरून आत जाते. एकेक अंक काढताना वर-खाली पुठ्ठा धरा. आणि ज्या भिंतीला तो गठ्ठा टेकला होता ती भिंत आधी बघून घ्या, नाहीतर नवे अंक आणून पुन्हा तिथेच ठेवाल.

कंपूवाली
भिंत बघितली. गठ्ठ्याचं राहू द्या, आता कपाट हलवतोय.